उतणं

आमच्याकडे काजू उततो. दूध उततं तसा नाही. मार्च महिन्यात ओल्या काजूच्या बिया कापायला बसलं की टरफलातला चीक बोटांना लागतो. त्या वेळी काहीच होत नाही. संध्याकाळी बोटं चुरचुरतात, दुसऱ्या दिवशी काळी पडतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कातडी सालपटासारखी निघायला लागते. ओठाला लागला तर ओठ वांग्यासारखा सुजतो. मग घरातलं जाणतं माणूस बघून म्हणतं, "काजू उतलाय, तेल लाव." देशावर हेच बिब्ब्याबद्दल म्हणतात.

विस्तवानं भाजतं. तव्याचा चटका बसतो. वाफेनं पोळतं. पण जिथे विस्तव नाही, ऊबही नाही आणि तरी कातडी जाते, तिथे आपल्या लोकांनी 'उतणं' वापरलं. काहीतरी आत शिरतं, दडी मारून बसतं आणि आपल्या सवडीनं वर येतं. या क्रियापदाच्या पोटातच उशीर आहे. मी रसायनांच्या कारखान्यांत पंचवीसेक वर्षं काढली, 'केमिकल बर्न' हे शब्द फॉर्मवर शेकड्यांनी लिहिले, पण त्या प्रकाराला नेमका शब्द घरातच होता हे लक्षात यायला बराच काळ गेला.

आई काजूच्या कारखान्यात जायची. लांजा तालुक्यात आमच्या गावापासून चालत पाऊण तासावर ती शेड होती. कारखाना म्हणायचं ते बॉयलर आणि वरचा पत्रा यांच्यामुळे. बिया आधी वाफवायच्या, रात्रभर गार होऊ द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी कापायच्या. डाव्या हाताच्या चिमटीत बी धरून दोन पात्यांच्या मधे लावायची, उजव्या हातानं दांडा दाबायचा, टरफल दुभंगलं की अणकुचीदार सुरीनं आतला गर अख्खा काढायचा. मजुरी गराच्या किलोवर. तुकडा पडला तर भाव कमी. त्यामुळे बायका हातमोजे घालत नसत. मालकानं एकदा रबरी मोजे आणून दिले होते, नाही असं नाही. आठवड्यात सगळे मोजे घरी भांडी घासायला गेले. मोज्यातून बी कशी बसलीय ते बोटाला कळत नाही, आणि बोटाला कळलं नाही तर गर फुटतो. त्याऐवजी बायका हाताला गोडंतेल चोळायच्या, वर राख. संध्याकाळी आई घरी आली की पहिली खोबरेलाची बाटली शोधायची. मला आईचे हात काळेच आठवतात. नखांच्या कडा, तळव्याच्या रेघा, सगळं काजळी धरल्यासारखं. लहानपणी मला वाटायचं, आयांचे हात असेच असतात.

बारावीनंतर मी रत्नागिरीला रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं आणि लोट्याला लागलो. लोटे परशुराम एमआयडीसी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: खेड आणि चिपळूणच्या मधे, मुंबई-गोवा महामार्गाला लागून, उघड्याबोडक्या कातळसड्यावर वसवलेली ही वसाहत. आजूबाजूच्या वाड्यांना मे महिन्यात टँकर येतो. आणि त्याच सड्यावर रंग, औषधं, कीटकनाशकं यांची मधली रसायनं बनवणारे कारखाने. आमच्या पिढीतल्या बी.एस्सी. झालेल्या मुलांना मुंबईला न जाता पॅन्ट-शर्टातली नोकरी मिळायची ती इथेच.

२००३ सालचा एप्रिल. दुपारी ३ ते ११ ची शिफ्ट. मी शिफ्ट केमिस्ट. रिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे रसायनांची प्रक्रिया होते त्या बंद टाकीत, कॉस्टिक चालू होतं. कॉस्टिक म्हणजे कॉस्टिक सोडा, सोडियम हायड्रॉक्साइड. आमच्याकडे टँकरनं यायचं ते ४८ टक्क्यांचं द्रावण, पाण्यासारखंच दिसणारं, जरासं जाड. हे हळूहळू घालायचं, कारण घालताना रिअ‍ॅक्टर तापतो, आणि तापमान एका मर्यादेपुढे गेलं तर बॅच वाया. त्या दिवशी पंपाच्या ग्लँडमधून, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीच्या सीलमधून, गळती होती. मोठी नव्हती, पण थेंबांपेक्षा जास्त होती. ठेकेदाराचा एक हेल्पर बादली लावून ती सांभाळत होता, मधूनमधून फरशीवर पाणी मारत होता. गॉगल होता, हातमोजे होते, पायात गमबूट होते. पॅन्ट गमबुटात खोचलेली होती.

हे शेवटचं वाक्य आज मला एका कटाक्षात दिसतं. तेव्हा दिसलं नाही. गमबुटावर पॅन्ट बाहेरून सोडायची असते, म्हणजे वरून ओघळलेलं बुटाच्या बाहेर जातं. आत खोचली की गमबूट हे एक भांडंच. पण तो पोरगा लावणीच्या दिवसांत चिखलात वावरणारा, त्याला पॅन्ट खोचायचीच सवय. आणि आम्ही त्याला बूट दिले होते, बूट घालायचे कसे ते सांगितलं नव्हतं.

पावणेनऊच्या सुमाराला तो एक पाय उचलून झटकताना मी पाहिला. विचारलं. "काय नाय साहेब, पानी गेला असंल बुटात." चेहऱ्यावर दुखण्याचं नावही नव्हतं. मी तापमानाच्या काट्याकडे बघत होतो. म्हटलं, "बॅच होऊ दे, मग बघ."

साधारण पन्नास मिनिटांनी तो परत आला. म्हणाला, "पाय बुळबुळतोय साहेब."

कॉलेजात पहिल्या वर्षाला साबणाचा प्रयोग असतो. तेलात कॉस्टिक घालायचं, तापवायचं, ढवळायचं; थोड्या वेळात मिश्रण घट्ट आणि बुळबुळीत होतं. तेलाच्या जागी माणसाच्या कातडीखालची चरबी असली तरी कॉस्टिकला फरक पडत नाही. ते साबण करत राहतं. आम्ल लागलं तर कातडीतली प्रथिनं गोठतात, कडक खपली धरते, आणि ती खपलीच पुष्कळदा आम्लाची पुढची वाट अडवते. शिवाय आम्ल लागलं की माणूस लगेच ओरडतो, पळतो, धुतो. अल्कली मात्र ऊतक विरघळवत खाली जातं. वाटेत भिंत उभी राहत नाही. सुरुवातीला दुखायलाच हवं असंही नाही. कारखान्यात सगळे अ‍ॅसिडला भितात आणि कॉस्टिकला 'सोडा' म्हणतात. मला विचाराल तर भीतीची वाटणी उलटी झाली आहे.

गमबूट ओढून काढला. मोजाही काढला. मोज्याबरोबर काय आलं ते लिहीत नाही.

सेफ्टी शॉवर वीसेक पावलांवर होता, आणि तो चालत होता. ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी असे शॉवर पाहिले की ज्यांच्या खाली ड्रम रचलेले, ज्यांची साखळी कोणीतरी अडते म्हणून वर गुंडाळून ठेवलेली, किंवा ज्यांची पाइपलाइन पत्र्यावरून गेल्यामुळे एप्रिलच्या दुपारी पहिलं पाणी चहा करण्याइतकं गरम. भाजलेल्या माणसाला गरम पाण्याखाली कोण उभं राहील? पाणी कोमट हवं, १६ ते ३८ अंशांच्या मधलं, असं अमेरिकी मानकात लिहून ठेवलंय ते उगीच नाही.

आमच्या शॉवरखाली तो उभा राहिला खरा, पण दोन गोष्टी झाल्या. आम्ही पॅन्ट काढायला सांगितली तर त्यानं कमरेवर हात घट्ट धरले. चार माणसं उभी होती, त्यात त्याच्याच वाडीतले दोघे. कॉस्टिकनं भिजलेलं कापड अंगावर ठेवून वरून पाणी ओतणं म्हणजे पोटीस बांधण्यासारखंच, पण लाज ही काही कमी ताकदीची गोष्ट नाही. शेवटी मी सगळ्यांना पाठ फिरवायला लावली. दुसरी गोष्ट अशी, की दोन-तीन मिनिटं झाली की तो हात वर करून शॉवरचा दांडा ढकलायला बघायचा. मला वाटलं गारठलाय. तर म्हणाला, "किती पानी जातंय साहेब."

सेफ्टी शॉवरमधून मिनिटाला पाऊणशे लिटर पाणी पडायला हवं, आणि निदान पंधरा मिनिटं. कॉस्टिकला खरं तर त्याहूनही जास्त. पंधरा मिनिटांचं होतं हजार लिटरच्या वर. त्याच्या वाडीत तेव्हा टँकर दिवसाआड येत होता आणि हंडे नंबरानं लागत होते. तो दांडा तो का ढकलत होता, ते मला आजही पुरतं पटतं.

आणखी एक कबुली देऊन टाकतो. त्या गडबडीत माझ्या डोक्यात बी.एस्सी. जागी झाली होती. लॅबमध्ये अ‍ॅसेटिक आम्ल होतं. अल्कलीवर सौम्य आम्ल, की झालं उदासीन, असा परीक्षेत पूर्ण गुण देणारा विचार. सुदैवानं मेन्टेनन्सचा म्हातारा फिटर शेजारी होता. तो म्हणाला, "पाण्याशिवाय कायपण लावू नका." आम्ल आणि अल्कली एकत्र आले की उष्णता निघते, आणि ती त्या उघड्या पायावर निघाली असती. फिटर सातवी शिकलेला होता.

रात्री जीपनं त्याला नवी मुंबईला हलवलं. तेव्हा कशेडी घाटातूनच जायचं. मागच्या सीटवर त्याचा पाय ओल्या चादरीत, आणि घाटाच्या वळणांवर तो पहिल्यांदा कण्हायला लागला, असं नंतर कळलं. म्हणजे लागल्यापासून अडीच-तीन तासांनी. उतायला लागलं होतं.

मी कारखान्यातच थांबलो, कारण अपघाताच्या रजिस्टरमध्ये नोंद करायची होती. रकाने ठरलेले: नाव, वय, कामाचं स्वरूप, इजेचं स्वरूप, अपघाताची वेळ. वेळेच्या रकान्यात मी ९.४० लिहिलं. ती वेळ बूट काढल्याची होती. कॉस्टिक बुटात गेलं पावणेनऊच्या आसपास, आणि त्यानंतर तो एकदा माझ्याशी बोललाही होता. पण लिहिताना हात ९.४० वरच गेला. मनाची समजूत अशी घातली, की आमच्या लक्षात आलं तेव्हाच अपघात झाला. ती पन्नास मिनिटं कुठल्याच कागदावर नाहीत. नंतर चौकशी झाली, ग्लँड बदलली, पॅन्ट बाहेर सोडण्याचा बोर्ड लागला. वेळेबद्दल मला कोणी विचारलं नाही.

रजिस्टर या वस्तूबद्दल माझं मत तेव्हापासून जरा बिघडलं. कारखाना कायद्याच्या ८८ व्या कलमात होतं, की इजेमुळे कामगार ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर निरीक्षकाला कळवायचं. हेतू चांगलाच होता. पण मी नंतर जिथे नोकरी केली त्या एका कारखान्यात याचं गणित वेगळं बसवलं होतं. हातावर अ‍ॅसिड उडालेला माणूस दुसऱ्या दिवशी कंपनीची गाडी पाठवून आणायचे. गेटवर खुर्ची द्यायचे, चहा द्यायचे, मस्टरवर सही घ्यायचे. हात बँडेजमध्ये, सही डाव्या हाताची. तो कामावर 'आला' होता, म्हणजे ४८ तास भरले नव्हते, म्हणजे कळवण्यासारखं काही घडलं नव्हतं. गेटबाहेरच्या बोर्डावर 'अपघाताविना दिवस' रोज एकानं वाढत होते. ४ मार्चला, सुरक्षा दिनाला, त्या बोर्डाला हार घातला जायचा. मी त्या खुर्चीवर बसलेल्यांशी गप्पा मारल्या आहेत. त्यांची फारशी तक्रारही नसायची. घरी बसलं तर हजेरी बुडते.

भरपाईच्या कायद्याचंही असंच. १९२३ चा तो कायदा, त्याच्या पहिल्या अनुसूचीत शरीराचं दरपत्रक असल्यासारखा तक्ता होता. अंगठा गेला तर कमाईच्या ताकदीचे ३० टक्के गेले. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असला तर ४० टक्के. पायाचा अंगठा मुळापासून गेला तर १४. चेहरा अतिशय विद्रूप झाला तर पूर्ण १००. तक्ता वाचताना कळतं, की तो यंत्रांच्या काळात, यंत्रांसाठी लिहिलेला आहे. यंत्र तोडतं. जे तुटतं ते मोजता येतं. कातडीला त्यात वेगळी ओळ नव्हती. ते डॉक्टरनं अंदाजानं ठरवायचं. आमच्या हेल्परचा पाय, पाचही बोटांसकट, जागच्या जागी होता. मांडीची कातडी काढून दोनदा लावली. सात आठवड्यांनी तो चालायला लागला. तक्त्याच्या डोळ्यांनी पाहिलं तर त्याचं काहीच गेलं नव्हतं.

दोन-तीन वर्षांपूर्वी तो मला चिपळूणच्या एसटी स्टँडवर भेटला. आता घरची आंब्याची कलमं बघतो. मी पायाकडे बघतोय हे ओळखून त्यानं हसत मोजा खाली केला. लावलेल्या कातडीला घाम येत नाही, तिला स्वतःचं तेलही सुटत नाही. कोरडी पडून चिरते. म्हणून रोज रात्री खोबरेल. "तुमच्या आईसारखा," तो म्हणाला. आईबद्दल मी त्याला कधी सांगितलं होतं, मला आठवत नाही.

नंतरची बरीच वर्षं मी सुरक्षेच्याच कामात काढली. नव्या पोरांना घेतो तेव्हा फार बोलत नाही. सगळ्यांना भिंतीवरच्या घड्याळासमोर उभं करतो आणि पंधरा मिनिटं गप्प उभं राहायला सांगतो. तिसऱ्या मिनिटाला चुळबूळ, पाचव्याला हसू, आठव्याला कोणीतरी मोबाइल काढतो. पंधरा मिनिटं किती लांब असतात हे कळल्याशिवाय शॉवरखाली कोणी टिकत नाही. मग पॅन्ट, गमबूट. मग कपडे काढण्याबद्दल. आमच्याकडे आता शॉवरला पडदा आहे, आणि तो मंजूर करून घ्यायला मला हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या जेलपेक्षा जास्त भांडावं लागलं.

ते जेल म्हणजे कॅल्शियम ग्लुकोनेट, अडीच टक्क्यांचं. हायड्रोफ्लोरिक आम्ल हे आम्लांच्या घरात जन्मलेलं कॉस्टिक आहे. सौम्य असेल तर लागल्याचं कित्येक तास कळतही नाही, आणि तोवर फ्लोराइड आत उतरून रक्तातलं कॅल्शियम बांधत सुटतं. तीव्र असेल तर तळहाताएवढी जखमही हृदय बंद पाडू शकते. जेलमधलं कॅल्शियम त्या फ्लोराइडला आधीच गाठतं. आमच्याकडच्या ट्यूब दर वेळी न वापरता मुदत संपून फेकल्या जातात आणि नव्या येतात. हिशेबखात्याचा माणूस दर वेळी कपाळाला आठ्या घालतो. कारखान्यातला मला सर्वांत आवडणारा खर्च तो.

याच काळात केव्हातरी एका रेझिनच्या, म्हणजे कृत्रिम राळेच्या, कच्च्या मालाच्या यादीत मी 'सीएनएसएल' ही अक्षरं वाचली. कॅश्यू नट शेल लिक्विड. काजूच्या टरफलातला चीक! त्यात मुख्यतः अ‍ॅनाकार्डिक आम्ल, आणि कातडीवर फोड आणणारं कार्डोल. तापवला की अ‍ॅनाकार्डिक आम्लाचं कार्डॅनॉल होतं, आणि त्यापासून गाड्यांच्या ब्रेक लायनिंगची पूड, रंग, जहाजांचे लेप. ड्रमवर धोक्याची खूण, हाताळताना मोजे आणि गॉगल सक्तीचे, कातडीला लागल्यास भरपूर पाण्यानं धुवा. मी ते सुरक्षापत्रक दोनदा वाचलं. आईनं जे तीस वर्षं उघड्या बोटांनी हाताळलं, ते ड्रममध्ये भरून आमच्या गेटमधून आत आलं की त्याला नियम लागत होते. कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, कळवण्याजोग्या रोगांच्या यादीत, रसायनांच्या स्पर्शानं होणारा त्वचारोग होता. पण पत्र्याच्या शेडमधल्या बायकांनी कळवायचं काय? अपघाताची वेळ: मार्च ते मे, दर वर्षी?

२००३ च्या त्या रात्रीची गोष्ट मी आईला महिन्याभरानं सांगितली होती. पडवीत बसून ती हाताला तेल लावत होती. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बूट काढला कधी?"

मी सांगितलं.

"आनि तवर तू काय करत होतास?"

म्हटलं, बॅच चालू होती. ती काही बोलली नाही. तळवा संपवून तिनं बोटांच्या बेचक्यांत तेल चोळायला घेतलं.

रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन आलं तेव्हा मी तिच्याबरोबर गेलो होतो. तोवर तिचं काजूचं काम सुटून दहा वर्षं झाली होती, हात बरेचसे उजळले होते. तिनं उजवा अंगठा ठेवला, मशीननं नाकारला. डावा ठेवला, नाकारला. दुकानदार ओळखीचा, वैतागला नाही. "मावशी, पुसून दुसरा बोट लावा." तर्जनी, मधलं, अनामिका. तिनं बोट पदराला पुसलं, केसांवरून फिरवलं, परत ठेवलं. मागे रांग वाढली. बी डाव्या चिमटीत धरायची, चीक त्या तीन बोटांवरून ओघळायचा, हे मला तिथे उभ्या उभ्या आठवलं, आणि मीच तिची डावी करंगळी धरून काचेवर ठेवली.

मशीननं टुंग केलं. पावती बाहेर आली. आई करंगळीकडे जरा वेळ बघत राहिली, मग पिशवी उघडून तांदळासाठी पुढे धरली.